रंगाचा रकाना

प्रभाग कार्यालयात नदाफ मॅडमनी
खिडकीखालून अर्ज सरकवला.
झेरॉक्सची झेरॉक्स, शाई पुसट.
कुत्रा / मांजर, लागू नसेल ते खोडा.
मी मांजर खोडलं.
खोडताना उगाच वाईट वाटलं,
मांजराशी आमचं काही वैर नव्हतं.

नाव : हळकुंड.
मॅडम हसल्या नाहीत,
सकाळपासून चौदा टायगर लिहून झाले होते त्यांचे.

रंग : मी पिवळा लिहिलं.
त्यांनी काचेतून वाकून पाहिलं.
माझ्या पायाशी बसला होता,
पांढरा, धुतल्या धोतरागत.
‘आजोबा, हा पिवळा?’

आता ह्याला काय सांगायचं.
मागं रांगेत सात जण,
एकाच्या कडेवर पामेरियन, तोही मला हसत असल्यासारखा.

मार्केट यार्डात मी तोलार होतो, मॅडम.
हा राजापुरी हळदीच्या थप्पीवर झोपायचा.
सौदे सुरू झाले की उठायचा, अंग झाडायचा,
आणि त्याच्याभोवती पिवळा ढग.
शेपूट पिवळी, मिशा पिवळ्या,
शिंकला तरी पिवळं.
निवडायला बसलेल्या बाया म्हणायच्या,
लगीन ठरलंय वाटतं मेल्याचं.

हे सगळं मी मनातच सांगितलं.

पुराच्या साली पाणी आलं
तेव्हा आम्हाला बोटीतनं काढलं.
बोटीत माणसंच, असं ठरलं होतं.
तो थप्पीवर उभा होता. भुंकला नाही.
भुंकला असता तर बरं झालं असतं.

नवव्या दिवशी परत आलो.
गल्लीत चिखल, चिखलात हळद,
अख्ख्या पेठेला सांडलेल्या कढीची कळा.
आणि दारात बसलेलं हे. पांढरं.
हळकुंड, म्हणालो. शेपूट हलली.
खोटं कशाला बोलू, माझ्या हातात बिस्कीट होतं.

रत्नाक्का म्हणाली, तोच आहे, पाण्यानं धुतला.
अकिवाटे म्हणाला, त्याचा कान फाटका होता.
कुठला, उजवा का डावा?
ते काय आता ध्यानात न्हाई, म्हणाला.

चाळीस वर्षं तोलारी केली,
माझा भरवसा काट्यावर.
एका पाडव्याला गंमत म्हणून तोललं होतं हळकुंडला,
अठरा किलो दोनशे, कडता न धरता.
ह्याला ठेवला काट्यावर. चौदा.
नऊ दिवसांची भूक चार किलो भरते का?
मी स्वतः तीन उतरलो होतो,
शाळेच्या वर्गात खिचडी खाऊन.
त्या दिवशी पहिल्यांदाच
काट्यावरचा आकडा वहीत मांडला नाही.

लसीचा दाखला जोडला. शंभराची नोट दिली.
मालकाच्या जागी माझं नाव घातलं,
शब्द मला जरा ढगळ होतो, पण दुसरा रकाना नव्हता.
ओळखीची खूण कोरी सोडली
तर मॅडम म्हणाल्या, काहीतरी लिहा.
लिहिलं : हाक मारली की येतो.

सगळ्यात खाली छापलेलं,
वरील माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी आहे.
समजुतीप्रमाणे.
कुणातरी पोळलेल्या माणसानं घातला असणार हा शब्द.
सही केली.

रंगाचं राहिलंच होतं.
मॅडमनी पेन उचललं,
पिवळा खोडला नाही,
पुढं बारीक अक्षरात लिहिलं, पूर्वी.
मग शिक्का मारला, दोनदा,
पहिला नीट उठला नव्हता.

पत्र्याचा बिल्ला मिळाला, चारशे बारा नंबरचा.
चालताना वाजतो.
येताना मुद्दाम यार्डातनं आलो.
नवा माल उतरत होता.
हा थांबला, पोत्याला नाक लावलं,
आणि शिंकला.

मी त्याच्याकडं बघत राहिलो.
नवखाच शिंकणार हळदीला,
असं मनात येतंय न येतंय तोवर
मलाही शिंक आली,
चाळीस वर्षांच्या नाकाला.